बेळगाव ते कन्याकुमारी सायकलने: दोघंजण, ४०,००० रुपये. हिशोब तपासून द्या

वडगावचा माग

नमस्कार मंडळी. मी बेळगावातल्या वडगावचा, घरी कापड विणायचे दोन माग आहेत. वय ४७. बरोबर माझा भाचा येणार, तो १९ वर्षांचा, कॉलेजात आहे. गेली तीन वर्षं आम्ही दोघं रविवारी सायकल काढतोय. राकसकोप, राजहंसगड, कधी जांबोटीपर्यंत. एका दिवसात जास्तीत जास्त १२० किमी झालंय, तेही मोकळ्या सायकलवर.

आता कन्याकुमारीला जायचं आहे. कारण सांगतो. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, रिसालदार गल्लीत भाटे यांच्या घरी राहिले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कन्याकुमारीच्या खडकावर जाऊन बसले. शाळेत असताना त्या घरावरून रोज जायचो. इथून निघालेला माणूस तिथं पोचला, तर आपणही एकदा आपल्या पायांनी पोचायचं, हे तेव्हापासून मनात आहे.

वाट अशी धरली आहे: जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून साखळी, पणजी, कारवार, गोकर्ण, मुर्डेश्वर, उडुपी, मंगळूर, कण्णूर, कोळिकोड, गुरुवायूर, कोची, अलप्पुळा, कोल्लम, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी. साधारण १,२०० किमी.

भिशी लागली आहे, त्यातले ४०,००० यासाठी बाजूला काढलेत. माझा हिशोब: रोज १०० किमी धरून १२ दिवस. लॉज रोज ६००, म्हणजे ७,२००. जेवण माणशी ३००, दोघांचं १२ दिवसांचं ७,२००. सामान-दुरुस्ती २,०००. परतीची रेल्वे २,०००. एकूण १८,४००. उरलेल्या पैशात कॅरिअरच्या चांगल्या बॅगा, नवे टायर आणि भाच्याला एक बरं जॅकेट घ्यावं म्हणतोय. डिसेंबरच्या २० ला निघायचा विचार आहे.

कुठं चुकतोय ते स्पष्ट सांगा.

तिसरं गेट

सगळ्यात आधी, जा. नक्की जा. मी ५८ व्या वर्षी टिळकवाडीतून निघून कोचीपर्यंत गेलो होतो, त्यामुळं हे सगळं भोगून लिहितोय.

तुमचा हिशोब किलोमीटरवर आहे. तो दिवसावर करा. रस्त्यावर पैसे किलोमीटरला जात नाहीत, दिवसाला जातात. तुम्ही ४० किमी चालवा नाहीतर १४०, रात्री खोली लागणार आणि तीन वेळा खायला लागणार. पाय दुखला, पाऊस आला, चाक गेलं म्हणून एक दिवस बसून राहिलात तरी तो दिवस पैसे खाणारच.

आता दिवस मोजू. ओझं लादलेल्या सायकलवर सलग दोन आठवडे रोज १०० होत नाहीत. पहिले तीन दिवस होतात, चौथ्या दिवशी गुडघा बोलतो. सरासरी ८५ धरा. १,२०० ला ८५ नं भागलं की १४ दिवस. त्यात विश्रांतीचे दोन दिवस घाला, एक गोकर्णात, एक कोचीत. परतीचे दोन. झाले १८.

१८ दिवसांत १६ रात्री लॉजवर, एक रेल्वेत. दोघांना ६०० ची खोली मिळते, नाही असं नाही, पण सायकली आत घेऊ देणारी मिळत नाही. हे अनुभवानं सांगतो. एका गावात स्वस्त लॉजमध्ये उतरलो, मालक म्हणाला सायकल खाली लावा, राखणदार आहे. सकाळी पंप गेला होता आणि मागचा दिवा तोडून नेला होता. त्या दिवशी दुपारी पंक्चर झालं आणि सात किलोमीटर ढकलत गेलो. तेव्हापासून पहिला प्रश्न 'भाडं किती' नाही, 'सायकल खोलीत चालेल काय' हा. त्यामुळं १,००० धरा, १६ रात्रीचे १६,०००.

जेवण माणशी ४०० तरी धरा. ३०० मध्ये घरी भूक भागते, सायकलवर नाही. दोघांचे १८ दिवसांचे १४,४००. हेच ३०,४०० झाले, अजून सुटे भाग आणि रेल्वे राहिलीच. बॅगा आणि जॅकेट घेतलं तर भिशी संपली. हातात आजारपणाला, अपघाताला एक रुपया नाही. असं निघू नका.

आणि एक विचारतो, राग मानू नका. माग १८ दिवस कोण चालवणार? तो खर्च तुमच्या कागदावर दिसला नाही.

कुंदा

काकांचं पटलं. मी आणि माझी मैत्रीण दोन वर्षांपूर्वी बेळगाव ते उडुपी केलं, म्हणून तारखेबद्दल लिहिते.

२० डिसेंबरला निघू नका, दादा. नाताळ ते नववर्ष गोव्यात खोलीचे दर दुप्पट-तिप्पट होतात, गोकर्णातही तेच. पुढं केरळात शबरीमलाचा हंगाम असतो, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत काळ्या कपड्यातले स्वामी, म्हणजे यात्रेकरू, सगळीकडं, गुरुवायूरला तर खोली मिळणं मुश्कील. शिवाय दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीकडं परतीचा पाऊस डिसेंबरातही गाठू शकतो.

संक्रांत करून निघा. तिळगूळ बरोबर घेऊन जा. फक्त २६ जानेवारीच्या सुट्ट्यांच्या आत गोकर्ण मागं टाका.

उडुपीच्या कृष्णमठात दुपारचा प्रसाद मिळतो, सगळ्यांना. पंगतीत बसून गरम भात-सारू जेवलो तेव्हा मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पैसे वाचतात म्हणून सांगत नाही, एकदा त्या पंगतीत बसाच.

निपाणी नाका

माझं सायकलचं दुकान आहे, म्हणून फक्त सायकलपुरतं बोलतो.

कुठल्या सायकली आहेत ते लिहिलं नाही. हायब्रीड असतील असं धरतो. मागचं चाक तपासा. ओझं सगळं मागं येतं, आणि तारा तुटतात त्या बहुतेक मागच्या चाकाच्या, चेनच्या बाजूच्या. तीच तार बदलायला सगळ्यात अवघड, कारण गिअरचा फ्रीव्हील किंवा कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या) काढावी लागते आणि ते हत्यार खेड्यातल्या दुकानात नसतं. निघण्याआधी चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या, सगळ्या तारा सारख्या ताणाच्या करून घ्या. आणि तुमच्याच चाकाच्या मापाच्या सहा तारा फ्रेमला टेपनं चिकटवून न्या. गावातल्या दुकानात साध्या सायकलच्या तारा मिळतील, तुमच्या मापाच्या मिळणार नाहीत.

दुसरं, व्हॉल्व्ह. ट्यूबला कुठला आहे बघा. साध्या सायकलचा वॉलट्यूबवाला असेल तर कुठल्याही दुकानात हवा मिळते. मोटरसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर. बारीक, फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर दोन्हीकडं अडाल, त्याला पितळी अडॅप्टर येतो. तीस-चाळीस रुपयांची वस्तू आहे, दोन घ्या, एक हरवतोच.

टायर नवे घ्याच, पण निघायच्या आदल्या दिवशी नको. ३०० किमी तरी चालवून बघा. ओव्हरऑइलिंग, ब्रेक पॅड, चेन, दोन जादा ट्यूब, ठिगळं, सोल्युशन, चेन जोडायची कडी, अॅलन की. दोन सायकलींचं मिळून ३,५०० ते ४,५०० धरा. चेन घासलेली असली तरच बदला. भाच्याला पंक्चर काढायला शिकवा, दोघांनाही यायला पाहिजे.

वडगावचा माग

काका, राग कसला. तो प्रश्न वाचून रात्रभर झोप नाही लागली, कारण तो मी मुद्दामच कागदावर घेतला नव्हता. एक माग माझा मोठा भाऊ बघेल. दुसरा बंद राहणार. मागाच्या कर्जाचा महिन्याचा हप्ता ९,००० आहे. तो सहलीच्या पैशात धरायचा नाही, पण निघायच्या आत बँकेत भरून ठेवायचा, असं घरी ठरवलं. तोपर्यंत निघायचं नाही. बायको म्हणाली, आधी हे केलं असतंस तर मी महिनाभर आधीच हो म्हटलं असतं.

ताई, तारीख बदलली. संक्रांतीनंतर.

नाक्यावरचे दादा, दोन्ही हायब्रीडच, ७०० चं चाक, ३५ चा टायर. माझ्या ट्यूबला बारीक व्हॉल्व्ह आहे, हे आज बघितलं.

खानापूर फाटा

चोर्ल्याबद्दल लिहितो, रोजचा रस्ता आहे आमचा.

बेळगाव ते कणकुंबी चढ असा फार जाणवत नाही, हळूहळू वर नेतो. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तिथं थांबून पाणी प्या, पाय मोकळे करा. कारण त्यानंतर घाट उतरायचा आहे आणि भरलेली सायकल उतारावर वेगळीच वागते. ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मधे थांबून रिम किंवा डिस्क गार होऊ द्या. रस्ता कधी गुळगुळीत, कधी वळणावरच उखडलेला, आणि बेळगावहून गोव्याला भाजी-दूध नेणाऱ्या गाड्या पहाटेपासून असतात. त्यांना घाई असते. कडेला या, जाऊ द्या.

अंधारात या पट्ट्यात नको. भीमगड अभयारण्य बाजूलाच आहे, अस्वल आणि गवा दिसणं नवलाचं नाही. वडगावातून सहाला निघालात तर उजाडायला जांबोटीच्या वाटेवर असाल, ठीक आहे.

तिसरं गेट

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं राहिलंच होतं. रंगीत तालीम.

१८ दिवसांची सहल पहिल्यांदाच पूर्ण ओझ्यासकट करू नका. तीन दिवसांची छोटी फेरी काढा, जे सामान कन्याकुमारीला नेणार तेच सगळं लादून. साबणाची वडीसुद्धा तीच. बेळगाव, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, घाट उतरून सावंतवाडी. दुसऱ्या दिवशी बांदा, दोडामार्ग करत साखळी. तिसऱ्या दिवशी चोर्ला चढून घरी. साधारण २२० किमी. जाताना जो घाट उतरणार तोच आधी चढून येतो, म्हणजे वळणन् वळण डोक्यात बसतं. साखळी जवळजवळ समुद्रसपाटीला आणि चोर्ल्याचा माथा आठशे मीटरच्या आसपास. तो चढ भरल्या सायकलनं चढलात तर पुढं कन्याकुमारीपर्यंत तसला घाट नाही, किनाऱ्याचे चढउतार तेवढे.

त्या तीन दिवसांत प्रत्येक रुपया लिहा. चहासुद्धा. मग तोच आकडा सहानं गुणा. इथं आम्ही कितीही सांगितलं तरी तुमच्या दोघांच्या पोटाचा आकडा तुम्हालाच काढायला पाहिजे.

परतीचं: एर्नाकुलम ते पुणे पूर्णा एक्स्प्रेस मडगाव, लोंडा करत बेळगावला येते. पण ती आठवड्यातून एकदाच असते. म्हणून उलटं मोजा. आधी परतीचं तिकीट काढा, त्या तारखेवरून मागं येत निघायचा दिवस ठरवा. कन्याकुमारीहून एर्नाकुलमला दुसऱ्या गाडीनं या. सायकल पार्सल ऑफिसात आपल्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करायची, म्हणजे ती त्याच गाडीत येते. नुसती पार्सल म्हणून टाकली तर मागाहून कधी येईल सांगता येत नाही. गाडीच्या तीन-चार तास आधी जा. पेडल काढा, हँडल आडवा करा, बारदान गुंडाळा, नाव आणि 'बेळगाव' मोठ्या अक्षरात दोन ठिकाणी लिहा. तिकिटं, दोन्ही सायकली, बारदान-हमाली मिळून दोघांना ३,६०० पुरतील. हे पैसे वेगळ्या पाकिटात, घरीच ठेवले तरी चालतील. त्याला हात लावायचा नाही.

चंदगडी

आंबोलीवरून जाणार असाल तर वाटेत आमच्या गावात चहाला या. आणि बॅगा विकत घेऊ नका. माझ्याकडं पाणी न शिरणाऱ्या दोन जोड्या पडून आहेत, मी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लांबचं चालवत नाही. एका बॅगेचा हूक सैल आहे, त्याला दोरी बांधलीय. घेऊन जा, परत आणून द्या.

कुंदा

हे वाचून फार बरं वाटलं.

खाण्याचं अजून थोडं. कडक भाकरी न्या. ज्वारीच्या पातळ, पापडासारख्या केलेल्या, कापडात गुंडाळून डब्यात घट्ट. शेंगाची चटणी आणि जवसाची चटणी वेगळी. आमच्या भाकऱ्या सहा दिवस टिकल्या. सकाळी निघताना लॉजवर काही मिळत नाही, तेव्हा चार भाकऱ्या चटणीशी खाल्ल्या की नऊपर्यंत निश्चिंत. मग नऊला पोटभर इडली-वडा.

किनाऱ्याची उष्णता बेळगावच्या माणसाला सोसत नाही, जानेवारीतसुद्धा. कारवारच्या पुढं अकरानंतर घाम थांबतच नाही. अकरा ते साडेतीन सावलीत थांबा, मीठ-साखरेचं पाणी सतत. दुपारनंतर समुद्राकडून वाराही बहुतेक मागून किंवा उजव्या बाजूनं येतो, तेव्हाची पंचवीस किलोमीटर सोपी जातात.

गोकर्णाहून पुढं हायवेला लगेच जाऊ नका. तदडीहून अघनाशिनीला होडी आहे, सायकल घेतात, पलीकडून कुमट्याला निघता. तसंच कोचीत वायपीन ते फोर्ट कोची रो-रो, म्हणजे वाहनं नेणारी बोट. आणि मरवंते! एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला सौपर्णिका, मधून रस्ता. तिथं किलोमीटर मोजू नका, बसा अर्धा तास.

बोलण्याचं म्हणाल तर तलपाडीच्या नाक्यापर्यंत, म्हणजे केरळची हद्द लागेपर्यंत, काही अडचण नाही. आपण सीमाभागातली माणसं, कन्नड येतं, गोव्यात आणि कारवारात मराठी-कोकणी चालते. भटकळला एका चहावाल्यानं आमचं कन्नड ऐकून 'बेळगावी?' म्हणून लगेच ओळखलं. तिथून पुढं मल्याळी. 'सायकल खोलीत ठेवायची आहे' आणि 'साधी खोली' एवढं मल्याळी लिपीत कुणाकडून तरी कागदावर लिहून घ्या.

खानापूर फाटा

हायवेबद्दल एक. ६६ नंबरचं चौपदरी-सहापदरी काम केरळात बऱ्याच ठिकाणी चालू असतं, तिथं धूळ आणि वळवलेले रस्ते. सर्व्हिस रोड धरा. कारवारला काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, आणि त्याच पावसात अंकोल्याजवळ शिरूरला दरड आली. पावसाळ्यात हा किनारा सायकलसाठी नाही, हे यावरून कळेल. तुम्ही जानेवारीत जाताय ते बरोबर.

वडगावचा माग

मंडळी, तालीम करून आलो. चंदगडी अण्णांकडं चहा झाला, बॅगा घेतल्या. त्यांच्या आईनं काजू बांधून दिले.

पहिला दिवस छान. आंबोलीच्या उताराला हात दुखले, पण दाबा-सोडा जमलं. दुसरा दिवस सोपा. तिसऱ्या दिवशी साखळीहून साडेसहाला निघालो. अर्धा घाट चढल्यावर माझ्या मागच्या चाकातून 'टण्' असा आवाज आला. मी थांबलो, चाक फिरवलं, तर ब्रेकला घासत होतं. चेनच्या बाजूची तार, डोक्यापाशी तुटलेली. जशी सांगितली होती अगदी तीच. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळली, मागचा ब्रेक ढिला केला, माझ्या बॅगेतलं जड सामान भाच्यानं स्वतःच्या सायकलवर घेतलं आणि माथ्यापर्यंत आम्ही चालत गेलो. तो पुढं, मी मागं. त्यानं एकदाही तक्रार केली नाही. कणकुंबीला उगमापाशी बसलो तेव्हा त्यानं विचारलं, मामा, तारा चिकटवायच्या राहिल्या ना? राहिल्या होत्या. आउट काढून घेतला होता, पण तारा घरी टेबलावर होत्या. आता फ्रेमवर आहेत आणि कॅसेट काढायचं हत्यार बॅगेत आहे.

हिशोब: लॉज दोन रात्री २,०००. जेवण ठरवलेलं ८०० रोज, झालं ९५०, म्हणजे तीन दिवसांचं २,८५०. चाकाची दुरुस्ती ३००. एकूण ५,१५०. भाचा खातो, खाऊ दे, त्याच्याशिवाय मी माथ्यावर पोचलो नसतो.

नवा कागद असा. पणजी, कुमटा आणि मंगळूरला ओळखीची घरं आहेत, म्हणून लॉजच्या रात्री १३, त्याचे १३,०००. जेवण १८ दिवस ९५० नं १७,१००. सायकलींचं ३,५००, बॅगा मिळाल्या म्हणून त्यांचा खर्च नाही. परतीचे ३,६००, पाकिटात. बेरीज ३७,२००. उरले २,८००, ते अडचणीला कमी आहेत. भाच्यानं गणपतीत मंडपाचं काम केलं होतं, त्यातले ३,००० आणून माझ्या हातात ठेवले. मी नको म्हणत होतो, तो म्हणाला मग मी पाहुणा म्हणून येतोय काय? घेतले. आता ५,८०० अडचणीचे, ते वेगळ्या खात्यात. जॅकेट रद्द, घरातला स्वेटर चोर्ल्यापर्यंत पुरतो.

बँकेत हप्त्याचे ९,००० परवा भरले.

एकानं फोनवर सुचवलं, यंदा कोचीपर्यंत जा, उरलेलं पुढच्या वर्षी. विचार केला. पण रिसालदार गल्लीतून निघायचं ते खडकापर्यंतच. दिवस कमी पडले तर कोल्लमहून बसमध्ये सायकल टाकून तिरुवनंतपुरम गाठू, शेवटचा टप्पा मात्र चालवणार.

निपाणी नाका

तुटलेली तार एक असली तरी शेजारच्या तारांनी ताण घेतलेला असतो, त्या पुढच्या दोन-तीनशे किलोमीटरला जातात. एक बदलून भागणार नाही. मागचं चाक घेऊन या, चेनच्या बाजूच्या सगळ्या तारा नव्या घालून देतो. मजुरी नको, तारांचे पैसे तेवढे.

तिसरं गेट

पूर्णाचं तिकीट काढलं काय?

वडगावचा माग

काढलं काका. दोन्ही बर्थ कन्फर्म. त्यावरून मागं मोजत आलो तर निघायचा दिवस संक्रांतीनंतर तिसरा येतोय. पहाटे सहाला भाटेंच्या घरापासून निघू. दादा, चाक घेऊन गुरुवारी निपाणीला येतो, दुपारी दुकान उघडं असतंय ना?

निपाणी नाका

दोन ते चार बंद. चारनंतर या.